राजावर दावा लावण्याआधी

सिंदखेडराजा तालुक्यातल्या साखरखेर्ड्याला काही काळ फतेहखेर्डा म्हणत. ११ ऑक्टोबर १७२४ रोजी इथे निजाम-उल-मुल्क आणि मुबारिझ खान यांची लढाई झाली. दख्खनची सुभेदारी आपल्या हातून जाऊ नये म्हणून निजाम लढत होता आणि दिल्लीचा कौल खानाच्या बाजूने होता. खान रणात पडला. विजयाची आठवण म्हणून गावाचे नाव बदलले गेले आणि हैदराबादच्या आसफजाही राज्याचा पाया पक्का झाला. नवे नाव इंग्रजी अमदानीतल्या दप्तरातही सापडते. लोकांच्या तोंडी मात्र साखरखेर्डाच राहिले.

या लढाईने ज्या घराण्याला राज्य मिळवून दिले, त्याच घराण्याच्या सातव्या निजामाला विसाव्या शतकात लंडनच्या कोर्टात हात हलवत परतावे लागले. तक्रार वेळेत केलेली, रक्कम शिलिंगपर्यंत मोजलेली, बँक इंग्लंडमधली, तरी दावा पुढे सरकेना. कारण समोर दुसरे सार्वभौम राष्ट्र उभे होते. परक्या देशाच्या प्रमुखावर किंवा सरकारवर दिवाणी दावा लावला तर काय होते आणि सामान्य माणसाच्या हातात काय उरते, हे समजून घ्यायला याहून चांगले प्रकरण सापडणार नाही.

तारीख २० सप्टेंबर १९४८. भारतीय फौजांपुढे हैदराबादने शस्त्रे खाली ठेवून दोन-तीन दिवस झाले होते. लंडनच्या वेस्टमिन्स्टर बँकेत निजाम सरकारच्या खात्यावर असलेले १० लाख ७ हजार ९४० पौंड आणि ९ शिलिंग त्या दिवशी पाकिस्तानचे तिथले उच्चायुक्त हबीब इब्राहिम रहिमतुल्ला यांच्या नावावर वळते झाले. रहिमतुल्ला घराणे मूळ मुंबईचे, हबीबभाईंचे वडील सर इब्राहिम हे मुंबईतले मोठे नाव. पैसे वळवण्याची सूचना निजामाचेच मंत्री मोईन नवाझ जंग यांनी दिली होती. आठवडाभरात निजामाची तार बँकेत पोचली: हे माझ्या परवानगीविना झाले आहे, रक्कम परत खात्यावर घाला. ज्यांच्या नावावर पैसे आहेत त्यांच्या संमतीशिवाय बँक हलायला तयार नव्हती. ती संमती येणार कुठून?

१९५४ मध्ये निजामाने दावा लावला. पाकिस्तानचे म्हणणे सरळ होते. रहिमतुल्लांनी पैसे आमचे प्रतिनिधी म्हणून घेतले, म्हणजे ते आमच्या हाती आहेत, आणि आम्ही स्वतंत्र राष्ट्र असल्याने आमच्या मर्जीविरुद्ध इंग्लंडचे कोर्ट आम्हाला उभे करू शकत नाही. पहिल्या न्यायाधीशांनी पाकिस्तानचे ऐकले, अपील कोर्टाने निजामाचे ऐकले, आणि ७ नोव्हेंबर १९५७ रोजी हाउस ऑफ लॉर्ड्सने पुन्हा पाकिस्तानच्या बाजूने कौल दिला. पैसे कोणाचे, या प्रश्नाला कोणी हातही लावला नाही. लॉर्ड डेनिंग यांनी तेवढा निराळा सूर लावला: समोर कोण उभा आहे यापेक्षा वाद कशाचा आहे यावर हे सार्वभौम संरक्षण ठरावे. बाकीच्या न्यायमूर्तींनी त्या मतापासून अंतर राखले. पुढच्या दोन-तीन दशकांत जगाचा कायदा मात्र डेनिंग यांच्याच दिशेने सरकला.

रक्कम बँकेत पडून राहिली, व्याज चढत गेले. निजाम मीर उस्मान अली खान १९६७ मध्ये वारले. मग २०१३ मध्ये पाकिस्ताननेच ते पैसे मागण्यासाठी बँकेवर दावा लावला, आणि तिथे चूक झाली. स्वतःहून कोर्टाची पायरी चढलेल्या राष्ट्राला आता संरक्षणाआड लपता येईना. पाकिस्तानने दावा मागे घेऊ पाहिला, पण २०१५ मध्ये कोर्टाने तेही करू दिले नाही. २ ऑक्टोबर २०१९ रोजी न्यायमूर्ती मार्कस स्मिथ यांनी भारत सरकार आणि निजामाचे दोन नातू मुकर्रम जाह व मुफ्फखम जाह यांच्या बाजूने निकाल दिला. तोपर्यंत दहा लाखांचे सुमारे साडेतीन कोटी पौंड झाले होते.

या प्रकरणातून घ्यायची गोष्ट एवढीच की सार्वभौम संरक्षणाने येणे बुडत नाही, फक्त ते मागायचे दार बंद होते. ते दार बाहेरून ढकलून उघडत नाही. ते आतून, म्हणजे त्या राष्ट्राच्या स्वतःच्या सहीने किंवा कृतीने, किंवा ज्या देशात दावा आहे तिथल्या सरकारच्या परवानगीने उघडते. म्हणून दावा लावायचा विचार करणाऱ्याने सगळ्यात आधी वादाचा खरेखोटेपणा बाजूला ठेवून चार गोष्टी पाहाव्यात: समोर नेमके कोण आहे, आज कोणत्या पदावर आहे, दावा कुठल्या देशात चालणार आहे आणि त्या पक्षाने आधी कशावर सही केलेली आहे.

खुर्चीवर आहे तोवर

राज्यप्रमुखाला मिळणारे संरक्षण पदाला चिकटलेले असते आणि पदावर असेपर्यंत ते खाजगी बाबींनाही झाकते. जोहोरचा सुलतान अबू बकर इंग्लंडमध्ये ‘अल्बर्ट बेकर’ या नावाने वावरला. लग्नाचे वचन मोडले म्हणून एका तरुणीने त्याच्यावर भरपाईचा दावा लावला. हा गृहस्थ सुलतान आहे, असे सरकारी पत्र कोर्टात आले आणि १८९३ मध्ये दावा संपला. खोटे नाव घेऊन राहिल्याने संरक्षण जात नाही, असे अपील कोर्ट म्हणाले.

मराठी माणसाला जवळचे उदाहरण बडोद्याचे आहे. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्यात जन्मलेले सयाजीराव गायकवाड १९११ च्या दिल्ली दरबारात पंचम जॉर्जकडे पाठ फिरवून परतले म्हणून इंग्रज सरकार त्यांच्यावर चिडले होते. नेमक्या त्याच सुमारास लंडनमध्ये स्टॅथम नावाच्या गृहस्थाने घटस्फोटाच्या दाव्यात त्यांना सहप्रतिवादी केले. गायकवाड पूर्ण स्वतंत्र राजे नव्हते, त्यांच्यावर इंग्रजांची अधिसत्ता होती. तरीही ते राज्य करणारे राजे आहेत म्हणून इंग्रजी कोर्टाने १९१२ मध्ये त्यांचे नाव दाव्यातून काढून टाकले. ज्या सरकारची त्यांच्यावर खप्पा मर्जी होती, त्याच सरकारच्या कोर्टाला त्यांना सोडावे लागले. पद मोजले गेले, राग-लोभ मोजला गेला नाही.

आजच्या काळातही गणित बदललेले नाही. सप्टेंबर २०१४ मध्ये पंतप्रधान नरेंद्र मोदी अमेरिकेला जायच्या तोंडावर, २००२ च्या गुजरात दंगलींवरून न्यूयॉर्कच्या फेडरल कोर्टात त्यांच्यावर भरपाईचा दावा दाखल झाला. ते पदावरचे सरकारप्रमुख असल्याने त्यांना संरक्षण आहे, असे अमेरिकी सरकारने कोर्टाला कळवले आणि जानेवारी २०१५ मध्ये न्यायाधीश अनालिसा टोरेस यांनी दावा काढून टाकला. आरोपांच्या गुणवत्तेवर कोर्ट काहीच बोलले नाही. ही गोष्ट बातमी वाचताना दोन्ही बाजूंचे लोक विसरतात.

पद गेले की चित्र पालटते, पण पूर्ण नाही. मनमोहन सिंग यांच्यावर वॉशिंग्टनमध्ये असाच एक दावा होता आणि तो चालू असतानाच, मे २०१४ मध्ये, ते पायउतार झाले. ऑगस्ट २०१४ मध्ये न्यायाधीश जेम्स बोसबर्ग यांनी दावा दोन भागांत तोडला. पंतप्रधान म्हणून केलेल्या कामाबद्दलचे संरक्षण पद सोडल्यावरही राहते. अर्थमंत्री असतानाच्या काळाबद्दलच्या आरोपांना ते लागू होत नाही. म्हणजे कोणत्या खुर्चीवर बसून काय केले, याची तारीखवार मांडणी वकिलाला करता आली पाहिजे.

उलट पदही वेळेवर मिळू शकते. सौदी पत्रकार जमाल खशोगी यांच्या हत्येवरून त्यांच्या वाग्दत्त वधूने युवराज मोहम्मद बिन सलमान यांच्यावर अमेरिकेत २०२० मध्ये दावा लावला होता. सप्टेंबर २०२२ मध्ये युवराज पंतप्रधान झाले, नोव्हेंबरमध्ये अमेरिकी सरकारने संरक्षणाचे पत्र दिले, ६ डिसेंबरला दावा फेटाळला गेला. न्यायाधीशांनी आपली अस्वस्थता निकालात लपवली नाही, पण हात बांधलेले होते. दावा लावताना माणूस कोण होता याला महत्त्व नाही, निकालाच्या दिवशी तो कोण आहे हे पाहिले जाते.

भारतातल्या कोर्टात

बुलढाण्याच्या किंवा मेहकरच्या वकिलाच्या टेबलावर सौदी युवराज येणार नाही. येईल तो एखादा ठेकेदार, ज्याने मुंबई-दिल्लीत एखाद्या परदेशी कचेरीची रंगरंगोटी केली आणि बिल अडकले. किंवा व्यापारी, ज्याचा माल परदेशी सरकारी कंपनीने उचलला आणि पैसे दिले नाहीत. यांच्यासाठी दिवाणी प्रक्रिया संहितेचे कलम ८६ पाठ असले पाहिजे. केंद्र सरकारच्या लेखी संमतीशिवाय परदेशी राज्यावर भारतातल्या कोणत्याही कोर्टात दावा लावता येत नाही. संमतीवर केंद्राच्या सचिवाचे प्रमाणपत्र लागते. हेच संरक्षण परदेशी राज्याच्या प्रमुखाला, राजदूताला, राष्ट्रकुल देशांच्या उच्चायुक्ताला आणि केंद्राने नेमून दिलेल्या त्यांच्या कर्मचाऱ्यांनाही आहे. कलम ८७-अ प्रमाणे कोणते राज्य आणि त्याचा कोणता प्रमुख, हे केंद्राच्या मान्यतेवर ठरते.

ही तरतूद इंग्रजांच्या काळापासूनची. शेहर व मुकल्ला या अरबस्तानातल्या राज्याचा सुलतान अवद बिन उमर याच्यावरचा दावा १८९६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयापुढे आला. हा हैदराबादच्या फौजेतला जमादार, ‘नवाझ जंग’ हा किताब निजामाकडून मिळालेला. न्यायमूर्ती स्ट्रेची यांनी तेव्हा सांगितले की भारतातला नियम म्हणजे इंग्लंडमधल्या पूर्ण संरक्षणाचे सौम्य रूप आहे: तिथे दार बंदच, इथे सरकारने परवानगी दिली तर उघडते. न्यायमूर्ती प्र. बा. गजेंद्रगडकर सरन्यायाधीश असताना १९६५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हाच धागा पुढे नेला. कलकत्त्यात मिर्झा अली अकबर काशानी यांनी चहाच्या करारावरून संयुक्त अरब प्रजासत्ताकावर, म्हणजे तेव्हाच्या इजिप्तवर, दावा लावला होता. केंद्राची संमती घेतली नव्हती. व्यवहार निव्वळ व्यापारी होता, तरी दावा बुडाला.

नाव बदलून पळवाट काढता येत नाही. बडोद्याच्या संस्थानी रेल्वेवर एकाने दावा लावला. रेल्वेचे नाव घातले म्हणजे संमती लागणार नाही, असा हिशेब असावा. १९३८ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने सांगितले की खरा प्रतिवादी गायकवाडच, संमती हवीच, आणि प्रतिवादीने आधी हरकत घेतली नाही म्हणून ही अट टळत नाही. म्हणून दाव्यात नाव घालताना दूतावास, मंत्रालय, महामंडळ यांपैकी कोण खऱ्या अर्थाने राज्याचा भाग आहे, हे करारावरची सही आणि कचेरीच्या कागदांवरून आधी ठरवावे. दावा लावून चार वर्षे तारखा घेतल्यावर हा मुद्दा निघाला तर सगळे मुसळ केरात जाते.

जाता जाता एक तुलना. आपल्या राष्ट्रपतींवर किंवा राज्यपालांवर वैयक्तिक कृत्यासाठी दिवाणी दावा लावायचा तर राज्यघटनेच्या अनुच्छेद ३६१ प्रमाणे दोन महिने आधी लेखी नोटीस द्यावी लागते. नोटिशीची मुदत संपली की रस्ता मोकळा. परक्या राज्याच्या प्रमुखाला आपला कायदा आपल्या राष्ट्रपतींपेक्षा अधिक जपतो, असे म्हणायला हरकत नाही.

संमती कशी मागायची

अर्ज दिल्लीत परराष्ट्र मंत्रालयाकडे जातो. केंद्र सरकार संमती मर्जीप्रमाणे देऊ शकत नाही. कायद्याने चार प्रसंग ठरवून दिले आहेत आणि अर्जात आपला प्रसंग कोणता, हे पहिल्याच परिच्छेदात लिहावे. त्या राज्याने अर्जदारावर आधीच दावा लावलेला असावा. किंवा ते कोर्टाच्या हद्दीत, स्वतः किंवा दुसऱ्यामार्फत, व्यापार करत असावे. किंवा त्याच्या ताब्यात तिथली स्थावर मालमत्ता असावी आणि वाद तिच्याबद्दल किंवा तिच्यावर बसलेल्या रकमेबद्दल असावा. किंवा त्या राज्याने आपले संरक्षण स्पष्टपणे वा कृतीतून सोडलेले असावे. ठेकेदाराच्या बाबतीत शेवटचा प्रसंग बहुधा करारातल्या एका वाक्यावर ठरतो, त्यामुळे कराराची मूळ प्रत जपून ठेवावी.

अर्जासोबत करार, कामाचे आदेश, बिले, बिले पोचल्याच्या सह्या, मागणीची नोटीस आणि वादपत्राचा मसुदा जोडावा. कुठल्या कोर्टात दावा लावायचा आहे तेही लिहावे, कारण सरकार संमती देताना कोर्ट नेमून देऊ शकते. नकार देण्याआधी अर्जदाराला म्हणणे मांडायची वाजवी संधी द्यावी, असे कलमातच लिहिलेले आहे. ती संधी हवी आहे, हे अर्जात स्पष्ट मागून ठेवावे.

नकार आलाच तर हात टेकायचे कारण नाही. हरभजनसिंग धल्ला यांनी दिल्लीतल्या अल्जीरियाच्या दूतावासासाठी बांधकाम-दुरुस्तीची कामे केली होती आणि पैसे थकले होते. सरकारने राजकीय कारणांचा हवाला देऊन संमती नाकारली. १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बजावले की हा अधिकार मनमानी वापरायचा नाही, कारणे द्यावी लागतील, आणि प्रकरण फेरविचारासाठी परत पाठवले. कारण न देता आलेला नकार बुलढाणा जिल्ह्यातल्या माणसाला नागपूर खंडपीठात रिट याचिकेने आव्हान देता येतो.

मुदतीची भीती सगळ्यांना असते. पैशाच्या दाव्याला साधारण तीन वर्षे मिळतात आणि दिल्लीतून उत्तर यायला वेळ लागतो. मुदत कायद्याच्या कलम १५ (२) प्रमाणे सरकारची संमती मिळवण्यात गेलेला काळ मुदतीतून वगळतात. अर्ज केला तो दिवस आणि आदेश हाती आला तो दिवस, हे दोन्ही त्यात मोजतात. मात्र अर्ज मुदतीच्या आत गेलेला हवा आणि दोन्ही तारखा सिद्ध करता आल्या पाहिजेत. रजिस्टर पोस्टाची पोच फाइलला लावून ठेवावी.

जिथे संमती लागत नाही

परदेशी राज्याकडून भाड्याने घेतलेल्या जागेचा भाडेकरू त्या राज्यावर संमतीविना दावा लावू शकतो. उलटा प्रकार, म्हणजे आपला बंगला दूतावासाला भाड्याने देणारा घरमालक, या सवलतीत बसत नाही.

वाणिज्य दूतावासातले अधिकारी आणि राजदूत यांत फरक करावा. मुंबईत वाणिज्य दूतावास आहेत, राजदूत दिल्लीत बसतात. वाणिज्य अधिकाऱ्याला संरक्षण मुख्यतः सरकारी कामापुरते असते. त्याच्या गाडीने कोणाला उडवले, तर व्हिएन्नाच्या १९६३ च्या करारातील अनुच्छेद ४३ प्रमाणे जखमी माणसाच्या भरपाईच्या दाव्याला ते आड येत नाही. हा मुद्दा पोलीस ठाण्यात आणि अपघात न्यायाधिकरणात आवर्जून मांडावा, कारण पाटी पाहून लोक आधीच माघार घेतात.

विमान कंपनी सरकारी असली तरी ग्राहक तक्रार चालते. एका व्यापाऱ्याने १९९२ मध्ये मुंबईहून दार-ए-सलामला पाठवलेल्या रंगाच्या मालावरून इथिओपियन एअरलाइन्सवर तक्रार केली. राज्य आयोगाने कलम ८६ दाखवून ती चालणार नाही म्हटले, राष्ट्रीय आयोगाने ते फिरवले आणि २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ग्राहकाच्या बाजूने शिक्कामोर्तब केले. ग्राहक आयोगापुढे व्यापारी वाहतुकीत सार्वभौमत्वाची ढाल चालत नाही.

लवादाचे कलम असेल तर आणखी बरे. १८ जून २०२१ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने अफगाणिस्तानच्या दूतावासाविरुद्धच्या लवाद निवाड्याच्या अंमलबजावणीत कलम ८६ (३) ची संमती लागत नाही, असे ठरवले. एकदा लवाद मान्य केला म्हणजे त्या व्यवहारापुरते संरक्षण सोडले, हा त्यामागचा विचार.

आखातात कामाला गेलेल्यांच्या घरी मात्र बहुतेक वेळा हा प्रश्नच नसतो. मालक खाजगी कंपनी असेल तर तिला कसलेच सार्वभौम संरक्षण नाही. तिथल्या कामगार न्यायालयात दाद मागावी, भारतीय दूतावासाला कळवावे आणि परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘मदद’ पोर्टलवर तक्रार नोंदवावी. इथल्या कोर्टात अमीर किंवा सुलतानाचे नाव घालून दावा लावण्याचा सल्ला कोणी देत असेल, तर त्या सल्लागाराला आधी कलम ८६ वाचायला सांगावे.

हुकूमनामा हाती आल्यावर

दावा जिंकला तरी दुसरी संमती राहते. दावा लावायला मिळालेल्या परवानगीत वसुलीची परवानगी धरलेली नसते. परदेशी राज्याच्या मालमत्तेवर हुकूमनाम्याची अंमलबजावणी करायची तर कलम ८६ (३) प्रमाणे केंद्राची वेगळी लेखी संमती हवी. दूतावासाची इमारत आणि तिथले सामान तर राजनैतिक संबंधांवरच्या व्हिएन्ना करारामुळे जप्तीच्या पलीकडेच आहे.

म्हणून अशा गिऱ्हाइकाबरोबर काम घेताना करारात चार ओळी आधीच घालून घ्याव्यात: वाद लवादाकडे जाईल आणि लवादाचे ठिकाण भारतात असेल, या व्यवहारापुरते संरक्षण सोडले आहे, दाव्यासाठीही आणि वसुलीसाठीही, करारावर सही करणाऱ्याला तसा अधिकार आहे याचे पत्र सोबत जोडलेले आहे, आणि रकमेचा मोठा हिस्सा आगाऊ किंवा भारतीय बँकेच्या हमीपत्रावर मिळेल. हमीपत्र असेल तर पैसे मागायचे बँकेकडे, आणि मग केंद्राची संमती, सचिवाचे प्रमाणपत्र यांपैकी कशाचीच गरज पडत नाही.